धाब्याचा कठडा
(शाळेतील लसीकरणाविषयी एक पाठ)

शास्त्रपाठ : अनुवाद 22:8, नीतिसूत्रे 11:1, मत्तय 4:5-7, लूक 14:28.

मुख्य विचार : शेजाऱ्याच्या लेकराचा जीव राखणे हे देवाने आपणांवर सोपविलेले काम आहे, आणि ते काम खऱ्या तागडीनेच करावयाचे आहे.



मालेगाव, येवले या बाजूच्या जुन्या खेड्यांत धाब्याची घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. उन्हाळ्यात त्याच धाब्यावर कुरडया-पापड वाळतात, धान्य पसरले जाते, आणि रात्री लेकरेबाळे तेथेच निजतात. इस्राएल लोकांची घरेही अशीच सपाट छपरांची होती. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आढळते : जो कोणी नवे घर बांधील त्याने छपराला कठडा करावा, नाहीतर कोणी तेथून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. ही आज्ञा आपण अनेकदा वाचून पुढे जातो. परंतु तिच्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, अपघात घडण्याच्या अगोदर काळजी घेणे हा देवाच्या दृष्टीने धर्माचाच भाग आहे. दुसरी ही की, घर माझे असले तरी कठडा केवळ माझ्यासाठी नाही. जो पाहुणा, जे शेजारचे पोर माझ्या धाब्यावर येईल, त्याच्यासाठी तो आहे.

शाळेत मुलांना लस टोचण्याचा प्रसंग आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून नाना प्रश्न उठतात. लस घ्यावी की नाही? तिच्यापासून अपाय होतो काय? शाळेने वा सरकारने ती सक्तीची करावी काय? देवावर विश्वास ठेवणाऱ्याला तिची गरज काय? या प्रश्नांचा विचार वरील आज्ञेच्या प्रकाशात करू.

1. कठडा कोणासाठी?

गोवराचेच उदाहरण घ्या. हा रोग खोकल्या-शिंकांवाटे हवेतून पसरतो, आणि ज्यांस संरक्षण नाही अशांत एक रोगी सुमारे 12 ते 18 जणांस तो देऊ शकतो. म्हणून गावातील शंभरांपैकी सुमारे 95 जण सुरक्षित झाल्याशिवाय त्याची साखळी तुटत नाही. आता पाहा, नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाला ही लस नेहमीच्या वेळापत्रकात दिली जात नाही. रक्ताच्या कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या मुलाला ती देता येत नाही. या लेकरांना स्वतःचा कठडा बांधता येत नाही. त्यांचा कठडा म्हणजे भोवतालची लस घेतलेली मुले.

रुबेलाची गोष्ट याहूनही स्पष्ट आहे. शाळकरी मुलाला तो झाला तर थोडा ताप, थोडे पुरळ, आणि चार दिवसांत पोर खेळू लागते. परंतु त्याच्या घरात वा शेजारी कोणी गर्भवती स्त्री असेल आणि गर्भाच्या पहिल्या महिन्यांत तिला तो रोग लागला, तर जन्मास येणारे मूल आंधळे, बहिरे किंवा हृदयाचा दोष घेऊन येऊ शकते. म्हणजे मुलाच्या दंडात टोचलेली सुई अजून जन्मास न आलेल्या दुसऱ्याच्या बालकाचे डोळे राखते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि सर्वच लसी अशा नाहीत हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धनुर्वात हा माणसापासून माणसाला लागत नाही. त्याची लस ज्याची त्यालाच राखते. तेव्हा शेजाऱ्याच्या नावाने जो आग्रह गोवर, रुबेला वा घटसर्प यांच्या लसीसाठी धरता येतो, तोच धनुर्वातासाठी धरता येत नाही. तेथे आईबापांस समजावून सांगणे हाच मार्ग.

2. पहिले पारडे : रोग

नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो की, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. बाजारात ज्वारी तोलताना जो नियम, तोच बोलतानाही. लसीचे गुण सांगताना अपाय लपविणे ही जशी खोटी तागडी, तशीच अपाय वाढवून सांगून रोगाचे भय झाकणे हीही खोटी तागडीच. म्हणून दोन्ही पारडी भरू.

गोवर हा ‘सर्वांनाच होणारा साधा रोग’ नव्हे. त्याने आजारी पडलेल्या मुलांपैकी सुमारे वीसांत एकाला फुप्फुसाचा दाह होतो. हजारांत सुमारे एकाच्या मेंदूला सूज येते. आणि जेथे औषधपाणी उत्तम आहे अशा देशांतही हजारांत एक ते तीन मुले दगावतात. जेथे मुले कुपोषित आहेत तेथे मृत्यू याहून कितीतरी अधिक होतात आणि कित्येकांची दृष्टी जाते.

हे दूरच्या देशाचे वर्णन नाही. सन 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि बालके मरण पावली; त्याच सुमारास भिवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगावातही ती पसरली. करोनाच्या वर्षांत नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, आणि पुष्कळ रोगी मुलांना लस मिळालेलीच नव्हती. सुरगाणा-पेठेकडील आपली कित्येक कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. लेकरू आईबरोबर मळ्यात असते, लसीचा दिवस गावी येऊन जातो, आणि कार्डावरची चौकट कोरी राहते. हे हट्टामुळे नव्हे, पोटामुळे घडते. परंतु गोवर कारण विचारीत नाही.

3. दुसरे पारडे : लस

आता लसीचे पारडे. गोवर-रुबेलाची लस घेतल्यावर काही मुलांना आठवड्याभराने एकदोन दिवस ताप येतो, थोड्यांना पुरळ उठते. सुमारे तीन-चार हजार मात्रांत एका मुलाला तापामुळे झटका येतो; तो पाहून आईबाप घाबरतात, पण बहुधा त्याचा मागे काही परिणाम राहत नाही. शरीराला अकस्मात धक्का बसून श्वास कोंडण्याचा गंभीर प्रकार दहा लाखांत सुमारे एकदा घडतो. आणि तो बहुधा लागलीच दिसतो म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसविण्याचा नियम आहे. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीने दंड वा मांडी सुजते, ताप येतो, तान्ही बाळे कधी पुष्कळ वेळ रडतात. ज्याची रोगप्रतिकारक शक्ती फार क्षीण आहे अशा मुलाला, तसेच गर्भवती स्त्रीला गोवर-रुबेलाची जिवंत लस देत नाहीत. पूर्वी कोणत्या लसीने मुलाला मोठा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांस अगोदर सांगितलेच पाहिजे.

गोवराच्या लसीने मुलाची बुद्धी बिघडते, ते बोलेनासे होते, अशी अफवा गावोगावी पोहोचली आहे. तिचे मूळ सन 1998 मध्ये इंग्लंडातील एका डॉक्टराने केवळ 12 मुलांवरून लिहिलेल्या लेखात आहे. तो लेख अप्रामाणिक ठरला, सन 2010 मध्ये मागे घेण्यात आला, आणि त्या डॉक्टराचे नाव वैद्यांच्या यादीतून काढण्यात आले. पुढे अनेक देशांत लक्षावधी मुलांची पाहणी झाली. तीत असा संबंध आढळला नाही.

लूक 14:28 मध्ये प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. तो अगोदर बसून खर्चाचा हिशेब करतो. येथे हिशेब असा : एकीकडे हजारांत एकाच्या मेंदूला सूज आणि त्याहून अधिक मृत्यू, दुसरीकडे हजारो मात्रांत एक झटका आणि दहा लाखांत एक गंभीर धक्का. पारडे कोणीकडे झुकते हे सांगावयास पंडित नको.

4. औषध चांगले, परंतु हात कोणाचा?

तरीही एक वजन अजून तागडीत पडावयाचे आहे. लस चांगली असली तरी ती माणसाच्या हातून दिली जाते, आणि माणसाचा हात चुकतो.

मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगाची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांचे नाव आज परळच्या हाफकिन संस्थेस आहे. सन 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी ती लस घेतलेल्यांपैकी 19 माणसे धनुर्वाताने मेली. सर्वजण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्या दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांस काही झाले नाही. हाफकिन यांच्यावर दोष आला व त्यांचे काम गेले. अखेरीस, जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता त्याने बाटलीचे बूच काढले गेले असे पुढे आले, आणि सन 1907 मध्ये त्यांच्यावरील कलंक दूर झाला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यात गोवर-रुबेलाची लस टोचल्यानंतर तीन तान्ही बालके दगावली. लसीची साठवण व हाताळणी यांत निष्काळजीपणा झाल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले आणि संबंधित कर्मचाऱ्यांस निलंबित करण्यात आले. त्या तीन मातांना आकडे सांगून काय उपयोग? त्यांचे दुःख ऐकून ज्याचे मन हलत नाही, त्याने दुसऱ्या आईला उपदेश करू नये.

यावरून लस टाकून द्यावी असा बोध निघत नाही. कठडा कच्चा बांधला म्हणून कोणी कठडेच पाडीत नाही, तो पक्का बांधतो. गोवर-रुबेलाची कुपी 2 ते 8 अंश थंडाव्यात राहिली पाहिजे. द्रावण मिसळल्यावर ती 4 तासांच्या आत वापरून उरलेली टाकून दिली पाहिजे. दर मुलाला नवी सुई पाहिजे. हे विचारण्याचा अधिकार निरक्षर आईलाही आहे. आणि विचारल्यावर चांगली नर्सबाई रागावत नाही. उलट कुपी दाखविते.

5. सक्ती कोठवर?

आता सक्तीचा प्रश्न. आपल्या प्रांतात हा प्रश्न नवा नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिलीच. पुढे सन 1877 च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले, आणि सन 1880 च्या कायद्याने इतर नगरपालिकांतही तशी सोय झाली. लोक लपत, मुले दडवीत. त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. कारण त्या काळी एका मुलाच्या दंडातील लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालीत आणि त्याबरोबर कधी कधी दुसरे रोगही जात. परंतु लस सुधारली, लोकांचा विश्वास बसला, आणि जो रोग घरोघर लेकरे नेत असे व तोंडावर व्रण ठेवीत असे तो सन 1975 मध्ये आपल्या देशातून व सन 1980 च्या घोषणेप्रमाणे जगातून नाहीसा झाला. त्याबरोबर त्या लसीची सक्तीही संपली. यातून एक नियम निघतो : सक्ती रोगाच्या गरजेपुरतीच असावी, गरज सरली की तीही सरावी.

दुसऱ्या देशांतही हा वाद झाला. अमेरिकेत हेनिंग जेकबसन नावाच्या एका लुथरन पाळकाने देवीची लस घेण्याचे नाकारले. लहानपणी आपणांस लसीचा त्रास झाला होता असे त्याचे म्हणणे होते. त्याला 5 डॉलर दंड झाला आणि सन 1905 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मात्र ज्याच्या प्रकृतीला लस खरोखर अपायकारक आहे त्याच्यावर ती लादावी असा याचा अर्थ नव्हे, असेही सुचविले. सन 1922 मध्ये त्याच न्यायालयाने शाळेत प्रवेशासाठी लसीची अट मान्य केली. इंग्लंडात मात्र सन 1853 च्या सक्तीविरुद्ध इतकी चळवळ झाली की, सन 1898 मध्ये सदसद्विवेकबुद्धीने हरकत घेणाऱ्यांस सूट द्यावी लागली.

आपल्या देशात आज राष्ट्रीय कार्यक्रमातील लसी फुकट मिळतात. पुष्कळ शाळा प्रवेशाच्या वेळी लसीचे कार्ड मागतात. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्यात आली. त्याच मोहिमेविषयी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये असे ठरविले की, पालकांस माहिती दिल्यावाचून व त्यांची संमती घेतल्यावाचून शाळेत लस देऊ नये. पुढे करोनाच्या लसीसंबंधी 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणाच्याही शरीरात बळाने लस घालता येत नाही. तथापि सर्वांच्या हितासाठी प्रमाणात व कारणास धरून काही बंधने घालता येतात.

संमती ही नुसती सही नव्हे. सन 2009 मध्ये खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका अभ्यासासाठी देण्यात आली. खम्मम भागातील पुष्कळ मुली वसतिगृहांत राहणाऱ्या व आदिवासी होत्या, आणि कित्येकींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनीच सह्या केल्या. काही मुली पुढे मरण पावल्या. ते मृत्यू लसीने झाले असे चौकशीत ठरले नाही, तरी संमती घेण्याची ही रीत गंभीर दोषास पात्र ठरली आणि सन 2010 मध्ये ते काम थांबविण्यात आले. आपली कित्येक मुले आश्रमशाळांत व मिशनच्या वसतिगृहांत शिकतात. ज्याच्या हाती दुसऱ्याचे लेकरू सोपविले आहे, त्याने ही गोष्ट विसरू नये. डोंगरापलीकडल्या पाड्यावर बाप आहे, त्याला अक्षर येत नाही, म्हणून त्याला विचारावयाचे नाही, असे होऊ नये.

आणि लस घेतली नाही म्हणून मुलाला शाळेच्या दाराबाहेर उभे करणे हेही सहसा योग्य नव्हे. साथ चालू असता काही दिवस त्याला घरी ठेवणे निराळे. परंतु बापाच्या भयाची शिक्षा मुलाच्या शिक्षणाला होऊ नये. त्या घरी दोनदा, चारदा जावे. सन 1897 मध्ये पुण्यात प्लेग आवरण्यासाठी सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. हेतू रोग थांबविण्याचा होता, परंतु लोकांची मने इतकी दुखावली की त्याचा शेवट रक्तपातात झाला. धाकाने दार उघडते, मन उघडत नाही.

6. विश्वास ठेवणाऱ्याला लस कशाला?

आपल्यातील कोणी म्हणतात, ‘देवीच्या भयातून प्रभूने आम्हांस सोडविले, आता तो राखील, सुई कशाला?’ त्यांच्या विश्वासाचा अनादर करू नये. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पाहा. सैतानाने प्रभूला मंदिराच्या उंच टोकावर नेले आणि देवाच्या अभिवचनाचा आधार देऊन खाली उडी टाकावयास सांगितले. प्रभूने ते नाकारले. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे, हेच त्याने दाखविले. उंचावर कठडा नसता लेकराला सोडून ‘देव सांभाळील’ म्हणणे हे त्याच परीक्षेसारखे आहे. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधविले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. प्रार्थना व औषध यांचे वैर शास्त्रात नाही.

सन 2025 मध्ये अमेरिकेच्या टेक्सस प्रांतात गोवराची मोठी साथ आली. तिचा आरंभ लस कमी घेणाऱ्या एका मेनोनाइट वस्तीत झाला; तीही आपल्यासारखीच प्रार्थना करणारी माणसे. त्या प्रांतात लस न घेतलेली दोन शाळकरी मुले मरण पावली. हे कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या घरांतील अश्रू आपल्या अश्रूंहून निराळे नाहीत.

7. उपदेशकांस सूचना

लसीचा दिवस ठरला म्हणजे आशाताई व नर्सबाई यांची भेट घ्या आणि रविवारी तो दिवस मंडळीत कळवा. स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबांना कार्ड बरोबर न्यावयास सांगा. ज्या गावी असतील त्या गावच्या आरोग्य केंद्रात लस मिळते. आईला ताप येण्याचा संभव अगोदर सांगा. न सांगता ताप आला तर ती पुढच्या वेळी दार लावून घेईल. आजारी, झटके येणाऱ्या वा मोठे औषध चालू असलेल्या मुलाला प्रथम डॉक्टरांस दाखवा. लस घेतल्यावर काही विपरीत घडले तर ते दडवू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवा आणि त्या घरी जाऊन बसा. आणि जे तुम्हांस ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे बोलू नका. उपदेशकाचा शब्द लोक मानतात. म्हणूनच तो तोलून द्यावा.

असो. कठडा बांधणाऱ्याचे कोणी आभार मानीत नाही. कारण जे पोर पडले नाही त्याची गोष्ट गावात कोणी सांगत नाही. ते सकाळी धाब्यावरून उतरते, भाकरी खाते आणि पाटी घेऊन शाळेला जाते. आपली सर्व लेकरे अशीच शाळेला जावोत.

वर्गासाठी प्रश्न

(1) छपराला कठडा करण्याच्या आज्ञेत शेजाऱ्याविषयी काय शिकावयास मिळते?
(2) गोवर-रुबेला व धनुर्वात यांच्या लसींत, आग्रह धरण्याच्या दृष्टीने, कोणता भेद आहे?
(3) मुल्कोवाल व बेळगाव येथील प्रसंगांवरून आईबापांनी काय विचारावे?
(4) आपल्या मंडळीत कोणत्या मुलांचे कार्ड अपुरे आहे? त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?
(5) देवावर भरवसा आणि देवाची परीक्षा यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

प्रार्थनेचे विषय : तान्ही बालके व गर्भवती माता, गावोगाव लस घेऊन फिरणाऱ्या परिचारिकांचे हात, ज्या घरांतून लेकरे गेली ती घरे.